जोडाच्या आतलं नाव

तुम्ही कधी स्वतःचं नाव लपवून दुसऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं आहे का? लगेच उत्तर देऊ नका. मीही दोन वर्षं दिलं नव्हतं. आधी विजूमावशींची ओळख करून देते.

विजया बिडवई इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहत. नात्याने आमच्या कोणी नव्हत्या. पहिल्यांदा घरात आल्या त्या आमच्या मिक्सरसाठी. चटणी वाटताना प्लगमधून ठिणगी उडाली आणि आईने ओरडून सगळी गॅलरी गोळा केली. समोरून एक उंच, सडपातळ बाई हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रस्ता ओलांडून आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. प्लग उघडला, जळकी वायर छाटली, नवे जोड दिले. मग प्लग बंद करायच्या आधी त्यांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीचा कोपरा फाडला, त्यावर बारीक अक्षरात ‘वि. बिडवई’ आणि तारीख लिहिली, घडी केली आणि ती चिठ्ठी प्लगच्या पोटात सारली.

मला हसूच आलं. “मावशी, प्लगच्या आत कोण वाचणार?”

“जो पुढे उघडेल तो,” स्क्रू पिळता पिळता त्या म्हणाल्या. “जोड खराब निघाला तर शिव्या कोणाला द्यायच्या, हे त्याला कळायला नको का?”

ही त्यांची आयुष्यभराची सवय होती. टेलिफोन खात्यात त्या केबल जोडायच्या. महूपासून मानपूरपर्यंत रस्त्याकडेच्या खड्ड्यांत उतरून त्यांनी जोड दिले. बरोबरचे पुरुष म्हणत, “बाईजी, ऊपर बैठो, हम कर लेंगे.” त्या म्हणत, “करो ना भिया, पण मग आत तुमचं नाव टाका.” तेव्हा मंडळी बाजूला सरत आणि बाई खड्ड्यात उतरत.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढची गोष्ट माझ्यामुळे घडली. माझे बाबा कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडेपर्यंत आणि पडल्यावरही ते पत्रकं काढत. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी वाचायला शिकले तीच ‘बंधूंनो आणि भगिनींनो’पासून. उद्गारचिन्ह हे वाक्याचं नैसर्गिक टोक आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. शाईचा वास आला की अजूनही माझी पाठ ताठ होते. कॉलेज संपेपर्यंत मीही लिहू लागले होते. नाल्याकाठची वस्ती उठवली त्यावर, नळाच्या पाण्यावर, फेरीवाल्यांवर. त्यातलं बरंचसं खरं होतं आणि त्यातल्या एकाही ओळीची मला आज लाज वाटत नाही.

लाज वाटते ती एका पत्रकाची.

निवृत्तीनंतर विजूमावशींना एका संशोधन संस्थेने कंत्राटावर बोलावून घेतलं. ही संस्था पूर्व किनाऱ्यावरून समुद्राच्या तळावर एक केबल टाकत होती. केबलवर जागोजागी पेट्या होत्या. समुद्राखालची जमीन हलली की पेटीला कळतं, आणि वरचं पाणी फुगलं की तेही कळतं. खोल समुद्रात सुनामीची लाट इतकी बुटकी असते की वरून जाणाऱ्या जहाजाला तिचा पत्ताही लागत नाही. तळावरच्या पेटीला मात्र पाणी किंचित जड झाल्याचं समजतं. ती खबर केबलमधून क्षणात किनाऱ्यावर येते, लाट मागून येते. मधला वेळ लोकांनी उंचावर पळण्यासाठी.

मला हे त्यांनी आमच्या फरशीवर शिकवलं. “हात ठेव खाली,” त्या म्हणाल्या. मी बसून तळहात टेकला. थोड्या वेळाने फरशी बारीक थरथरली, आणि त्यानंतर केसरबाग रोडवरून डंपर गेल्याचा आवाज आला. “देखा? डंपर कानाला कळायच्या आधी फरशीला कळला. अपन समुद्राच्या फरशीवर हात ठेवून बसतो, बस. यात काय मोठी सायन्स आहे?”

समुद्रातून आलेली केबल आणि जमिनीवरची केबल जिथे भेटतात, तिथे वाळूत एक खड्डा असतो. त्या खड्ड्यातला मुख्य जोड विजूमावशींनी दिला. मग त्या इंदूरला परत आल्या, कारण केबलवरून येणाऱ्या नोंदींची दुसरी प्रत ठेवायला आणि तपासायला संस्थेने इथे एक खोली घेतली होती. इंदूरच का, असं सगळेच विचारत. इंदुरी माणूस तर चिडवल्याशिवाय सोडतच नाही. पोह्यांच्या दुकानात त्या दिसल्या की कोणीतरी हटकून ओरडे, “क्यों मौसीजी, राजवाड्यापर्यंत आलं का समुद्राचं पाणी?” त्या पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत शांतपणे सांगत, “येत नाही म्हणूनच इथे आहे ना भिया. जिथे पाणी घुसेल तिथेच सगळ्या वह्या ठेवून कसं चालेल?”

मी एकदा ती खोली बघायला गेले होते. तीन मुली आणि विजूमावशी, समोर संगणकाचे पडदे, पडद्यांवर थरथरत्या रेघा. प्रत्येक थरथरीपुढे कारण लिहायचं. मासेमारीचं जाळं घासलं, जहाजाचा नांगर पडला, भूकंप. शेवटचा रकाना होता ‘माहीत नाही’. खजराना भागातली शबनम तेव्हा नवी होती. तिने तो रकाना रिकामा ठेवून एका रेघेपुढे ‘जहाज’ लिहिलं होतं.

“जहाज पाहिलंस?” मावशींनी विचारलं.

“नहीं मौसी, पर लग तो वैसा ही रहा है.”

“लग रहा है मत लिखो बेटा. माहीत नाही तर ‘माहीत नाही’ लिही. त्यात इज्जत जात नाही. जाते ती खोटं लिहिल्याने.”

शबनमने तोंड वाकडं केलं, खोडलं आणि ‘माहीत नाही’ लिहिलं. मी हे वाक्य कौतुकाने डायरीत उतरवून घेतलं. मला डायरीत उतरवायची सवय होती. वागण्यात उतरवायची नव्हती.

केबल सुरू होऊन काही महिने झाले असतील. एका सकाळी सगळ्या रेघा सपाट झाल्या. तळावरच्या पेट्यांना वीज याच केबलमधून जाते आणि ती कुठेतरी तुटली होती. जोड विजूमावशींचा, म्हणून त्यांना किनाऱ्यावर बोलावलं. त्या गेल्या आणि परत आल्यावर आमच्या गॅलरीत मटार सोलत त्यांनी मला काय घडलं ते सांगितलं.

“अगं ऋते, मी बोलली होती ना, आत नाव टाकायचं? टाकलं होतं. जोडाच्या डब्याचं झाकण लावताना त्या चिठ्ठीचा कोपरा रबराच्या कड्याखाली अडकला. एवढासा. नखाएवढा. त्या कागदातून ओल आत शिरत राहिली, खारी ओल. माझ्या नावानेच पाणी आत ओढून घेतलं बघ!” आणि त्या खो खो हसल्या. मीही हसले.

मग त्यांचं हसू थांबलं. “अकरा दिवस लाइन बंद होती. अकरा दिवस समुद्र काही बोलला असता तर अपन बहिरे होतो.” त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “खड्ड्यात मी एकटीच उतरली होती. डबा उघडला, चिठ्ठी दिसली. खिशात टाकली असती तर रबर खराब निघालं म्हणून भागलं असतं. वरून साहेब विचारतायत, क्या मिला मॅडम? मी बोलली, मैं मिली.”

“आणि?”

“आणि काय. त्याच दिवशी लेखी दिलं. चिठ्ठी रिपोर्टला टाचून दिली.”

“मग आता नाव टाकणं सोडणार?”

“नाव कशाला सोडू? कागद सोडला. आता आतल्या ट्रेवर पक्क्या पेनाने लिहिते.”

इतकं स्वच्छ बोलणं मी त्याआधी कोणाकडून ऐकलं नव्हतं. आणि त्यानंतर महिनाभरात मी त्याचं काय केलं ते आता सांगते.

तो उन्हाळा वाईट होता. आमच्या भागात नर्मदेच्या पाण्याचा नळ दिवसाआड यायचा, पलीकडच्या वस्तीत त्याहून कमी. हंड्यांच्या रांगेत एका बाईला चक्कर येऊन ती पडली. मी तिच्या शेजारी उभी होते. त्या संतापात घरी येऊन मी लिहायला बसले. पाण्यावर लिहायचं होतं, पण पाण्यावर मी आधी चार वेळा लिहिलं होतं आणि कोणी ढिम्म हललं नव्हतं. मला नवीन, धारदार काही हवं होतं. मग ते सुचलं. ‘नर्मदेचं पाणी दिवसाआड, बंगालच्या उपसागरावर पहारा रोज!’ ओळ जमली याचा मला इतका आनंद झाला की ती न्याय्य आहे का, हे विचारायचं राहून गेलं. रांगेत पडलेल्या बाईच्या हंड्यात केबल बंद केल्याने एक थेंबही वाढणार नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

एका ओळीवर पत्रक होत नाही. पुरावा लागतो. पुरावा मला गॅलरीत मटारांबरोबर मिळाला होता. मी लिहिलं की या संस्थेतल्या ‘एका कर्मचारी बाईच्या नावाच्या हौसेपायी’ जोडात घातलेल्या चिठ्ठीने केबल बुडवली, ती ‘महिनोन्‌महिने’ बंद होती आणि हे जनतेपासून ‘लपवून ठेवलं’ गेलं. महिनोन्‌महिने का लिहिलं? अकरा दिवस हा शब्द मारक वाटला नाही म्हणून. माझ्या लिखाणात ‘माहीत नाही’चा रकाना नव्हता. आणि इथे तर मला माहीत होतं.

बाबांना प्रूफ दाखवलं. त्यांना संस्था, केबल यांतलं काही ठाऊक नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एवढंच विचारलं, “खाली नाव?”

“तुम्ही कधी घातलंत?”

“आमच्या मागे मालक होता. नाव दिसलं की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवायचे. तुझ्यामागे कोण आहे?”

मी चिडले. चळवळीत व्यक्ती महत्त्वाची नसते, असं काहीतरी म्हणाले. पत्रकाच्या तळाशी ‘एक जागरूक नागरिक’ असं छापून घेतलं आणि मनाशी त्याला विनम्रता म्हटलं.

पत्रक चाललं. माझं इतकं कुठलंच चाललं नव्हतं. दुकानांत गेलं, मंगल कार्यालयांच्या पायऱ्यांवर गेलं, फोटो होऊन फोनवर फिरलं. पोह्यांच्या दुकानातली चेष्टा बदलली. आधी मौसीजींना समुद्राचं विचारायचे, आता पाठ वळली की म्हणायचे, “ये वोई है, चिठ्ठीवाली.” एका पुढाऱ्याने सभेत पत्रक फडकवलं. संस्थेकडे खुलासे मागितले गेले. खुलासा देणं सोपं होतं, रिपोर्ट होता, टाचलेली चिठ्ठी होती, पण तोपर्यंत वाचणारे कोण होते? भाड्याचा करार संपल्यावर संस्थेने इंदूरची खोली बंद केली आणि प्रती ठेवायचं काम दुसऱ्या शहरात नेलं. तीन मुलींचं काम गेलं. विजूमावशींचंही गेलं.

पत्रक निघाल्यावर आठवड्याभरात त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. हातात पत्रक होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

“तुझी छापखानेवाल्यांशी ओळख असते ना, ऋते? ज्याने काढलंय त्याला एवढं पोहोचव. पाण्याचं जे लिहिलंय ते बरोबर आहे, लिहायलाच पाहिजे. केबलचं तीन जागी चुकलंय. मी दुरुस्त केलंय. आणि खाली नाव राहून गेलंय.”

मी कागद पाहिला. खोलीतल्या नोंदी जशा त्या लाल पेनाने तपासत तसंच तपासलं होतं. ‘महिनोन्‌महिने’ खोडून ‘अकरा दिवस’. ‘लपवून ठेवलं’ खोडून ‘डबा उघडला त्याच दिवशी लेखी कळवलं’. तिसरी दुरुस्ती वाचताना माझे कान तापले. ‘एका कर्मचारी बाईच्या नावाच्या हौसेपायी’ हे सगळं खोडून त्यांनी लिहिलं होतं, ‘विजया बिडवई यांच्या निष्काळजीपणामुळे’. माझ्या शब्दाहून कडक शब्द त्यांनी स्वतःसाठी निवडला होता. तळाशी ‘एक जागरूक नागरिक’वर काट मारून पट्टीने एक सरळ रेघ ओढली होती. रेघेवर काही लिहिलं नव्हतं.

त्यांना ठाऊक होतं. चिठ्ठीची गोष्ट कोणाला सांगितली होती हे त्यांना ठाऊक नसेल, असं होणंच शक्य नव्हतं. तरी त्यांनी मला दोष दिला नाही, निरोप्याचं काम दिलं. मला एक दार उघडं ठेवून दिलं, की बाई, वेळ घे आणि स्वतःच्या पायांनी बाहेर ये.

मी म्हणाले, “हो मावशी, बघते.”

पुढे त्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या. चहा घेत, आईच्या कुकरची शिट्टी दुरुस्त करत. एकदा जाता जाता सहज विचारलं, “पोहोचवलंस का गं ते?”

“नाही अजून.”

“बरं.”

काही महिन्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मी या काळात निर्भयपणावर दोन लेख लिहिले. दोन्हींखाली माझं नाव आहे.

गेल्या हिवाळ्यात विजूमावशी गेल्या. न्यूमोनिया झाला, चार दिवस दवाखान्यात होत्या. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. सांगायचं ठरवून गेले होते. त्यांना बोलवत नव्हतं, पण ऐकू येत होतं. खिडकीजवळ नर्स सलाइन बदलत होती. नर्स गेली की सांगते, असं मी मनाशी म्हटलं. नर्स गेली. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि घरी आले.

शोकसभेला शंभरेक माणसं होती. बरेच जण चांगलं बोलले. एकाने पत्रकाचा विषय काढला. “त्या पर्च्याने बाईला फार मनस्ताप झाला. कोणी काढला, देव जाणे.” मी दुसऱ्या रांगेत बसले होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मान खाली घातली. शेजारच्या बाईंनी ते दुःख समजून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

बाहेर शबनम भेटली. काम गेल्यावर ती एका कपड्यांच्या दुकानात उभी राहते. डोळे लाल होते. मला म्हणाली, “दीदी, आप तो लिखने-पढ़ने वाले लोग हो. वो पर्चा किसने निकाला, पता चले तो मुझे बताना. मारूँगी नहीं. बस पूछना है, मौसी से क्या दुश्मनी थी.”

“पता चला तो बताऊँगी,” मी म्हणाले. हे मी खरोखर म्हणाले.

शबनम, मी काढला. दुश्मनी नव्हती. एक ओळ चांगली जमली होती आणि तिला आधार हवा होता, एवढंच. हा लेख छापून येण्याआधी तो घेऊन मी तुझ्या दुकानात येऊन जाईन. तुला विचारायचं ते विचार.

विजूमावशींनी तपासलेली प्रत माझ्याकडे आहे. परवा मी ती रेघ भरली. बाबा शेजारी बसले होते. त्यांनी प्रत वाचली, तिन्ही दुरुस्त्या दोनदा वाचल्या आणि पेनाचं टोपण लावून दिलं.

पण एका प्रतीने भागत नाही. पत्रक हजार घरांत गेलं आणि नाव एका कागदावर आहे. म्हणून आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते मनावर घ्याच. तुमच्या कपाटाच्या कप्प्यात अंथरलेलं, पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं, फोनमध्ये पडून राहिलेलं ते पत्रक असेल. ‘नर्मदेचं पाणी दिवसाआड’ अशी त्याची पहिली ओळ आहे. ते सुक्या कचऱ्यात टाकू नका. काढा, वर सांगितलेल्या तिन्ही जागी दुरुस्ती करा, आणि ‘एक जागरूक नागरिक’ खोडून खाली लिहा: ऋता दहिवेलकर, लोकमान्य नगर, इंदूर. ज्यांना पुढे पाठवलं होतं त्यांनाही असं दुरुस्त करून पाठवा. शिव्या कोणाला द्यायच्या, हे त्यांना कळायला नको का?